बॅकअप सर्व्हरची नोंदवही: दर सेकंदाला दहा

४ मार्च, सकाळ

रात्री दोनला सुरू होणारा बॅकअप साडेनऊ वाजले तरी चालूच आहे. एरवी तीनच्या आत आटोपतो. लॉगिन मात्र झटकन होतं, शेलही चपळ आहे. लोड ॲव्हरेज ९ दाखवतोय, पण सीपीयू जवळजवळ रिकामा. सगळा वेळ आयओ-वेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात चाललाय.

मशीनची माहिती एकदा लिहून ठेवतो, पुढे लागेल. डेबियन १२, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१. रूट एका एसएसडीवर, ती मदरबोर्डवरच्याच सॅटा पोर्टला (एएचसीआय). बॅकअपच्या दोन ४ टीबी डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे दोघींवर तीच माहिती. त्या मदरबोर्डवर नाहीत, दोन पोर्टांच्या एका जुन्या पीसीआय एक्सप्रेस सॅटा कार्डावर आहेत, ड्रायव्हर सॅटा-सिल२४. शिवाय जुन्या पद्धतीच्या पीसीआय स्लॉटमध्ये चार पोर्टांचं सीरियल कार्ड, नेटवर्क स्विचेसच्या कन्सोलसाठी.

डीमेसेजवर, म्हणजे कर्नलच्या संदेशांवर, 'एटीए' आणि पुढे पोर्टचा आकडा असा पॅटर्न ग्रेप केला, म्हणजे तेवढ्याच ओळी चाळून काढल्या. पाचव्या पोर्टवर पाच-सहा एरर मिळाल्या: बस एरर, आयसीआरसी, ॲबॉर्ट, मग हार्ड रिसेट. एके ठिकाणी लिंकचा वेग १.५ गिगाबिटवर उतरवल्याचीही ओळ आहे. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा हिशेब) त्या डिस्कचा १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट, तारेवर बिघडलेल्या डेटाची मोजणी, ४१. रीॲलोकेटेड सेक्टर ०, पेंडिंग सेक्टर ०.

चित्र स्पष्ट आहे. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेत गडबड. केबल बदलायची.

४ मार्च, दुपार

मशीन बंद करून दोन्ही सॅटा केबल बदलल्या. एकीची क्लिप तुटलेलीच होती. लिंक पुन्हा ३ गिगाबिटवर आली. हा ४१ चा आकडा आता कधीच खाली यायचा नाही, तो डिस्कच्या आयुष्यभराचा हिशेब असतो. फक्त ४२ होतोय का एवढंच बघायचं. दोन तास वाचन-लेखनाचा मारा केला, ४१ वरच आहे. वेगही झकास.

प्रकरण मिटलं.

५ मार्च

पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बॅकअप सकाळी सव्वाअकराला संपला. सीआरसीचा आकडा ४१ च. ग्रेप केलं तर एटीएची एकही नवी एरर नाही.

म्हणजे केबल खराब होती हे खरं, पण बॅकअप रखडण्याशी तिचा संबंध नव्हता. हे पचवायला मला दुपार लागली. एक दोष सापडला आणि दुरुस्त झाला की तोच दोष होता असं वाटायला लागतं. इथे दोन होते.

६ मार्च

आज चूक केली, तीही लिहून ठेवतो. रात्री पुन्हा तसंच झालं. मी वैतागून ४१ वाली डिस्कच काढली आणि नवी घातली. स्मार्टची लांब चाचणी आदल्या दिवशीच निर्दोष आली होती, तरी काढली. पुरावा एकही नव्हता. तिच्या नावावर जुने एरर होते एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

रीसिंक (नव्या डिस्कवर नक्कल उतरवणं) सुरू आहे, वेग सेकंदाला शंभर एमबीच्या वर. म्हणून वाटतंय की या वेळी जमलं. (हे 'वाटणं' ४ तारखेलाही होतं, हे विसरू नये.)

८ मार्च, सकाळ

काल रात्री रीसिंक चालू असल्याने बॅकअप थांबवला होता. आज रात्री झाला आणि पुन्हा रखडला. नव्या डिस्कसकट.

या वेळी रीबूट करायचं नाही असं ठरवलं. आतापर्यंत दर वेळी काहीतरी बदलायला मशीन बंद केलं, आणि चालू केल्यावर सगळं ठीक दिसलं. आजार असताना तपासलंच नव्हतं, बरं झाल्यावर तपासत होतो.

बॅकअप थांबवला, दोन्ही डिस्कवर आळीपाळीने फक्त वाचनाची चाचणी घेतली. चाचणीचं साधन एफआयओ, ४ केबीचे रँडम रीड, एका वेळी एकच विनंती. निकाल: सेकंदाला साडेनऊ विनंत्या. जुन्या डिस्कवर साडेनऊ आणि नव्यावरही साडेनऊ.

आयओस्टॅटमध्ये प्रत्येक विनंतीचा सरासरी वेळ १०३ ते १०४ मिलिसेकंद. पुढच्या सेकंदाला १०४. त्याच्या पुढच्या सेकंदाला १०३. दहा मिनिटं बघत बसलो, आकडा हललाच नाही.

याच आकड्याने मला थांबवलं. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात. रँडम रीडमध्ये कधी ६, कधी १४, कधी २० असं यायला हवं. डिस्क आजारी असेल तर आकडे आणखी विखुरतात, मध्येच दोन-तीन सेकंद अडकतात. दोन वेगवेगळ्या वयाच्या डिस्क एकाच ठेक्यात चालत नाहीत. हे लोखंड फिरण्याचं माप नव्हतं. कोणीतरी घड्याळ लावून दर सेकंदाला दहा वेळा दार उघडत होतं.

मग एका वेळी ३१ मोठ्या विनंत्या रांगेत लावून बघितलं. वेग जवळजवळ नेहमीइतका. म्हणजे दार उघडलं की जितके उभे असतील तितके सगळे आत जातात, पण दार उघडतं सेकंदाला दहाच वेळा. बॅकअपमध्ये लाखो बारक्या फाइली, प्रत्येकीची माहिती एकामागून एक वाचायची. त्यालाच हे सगळ्यात जास्त बाधतं.

८ मार्च, संध्याकाळ

जर्नलसीटीएलने या बूटचा कर्नल लॉग आज पहिल्यांदा ग्रेप न लावता, पहिल्या ओळीपासून वाचला. रात्री २ वाजून ७ मिनिटांनी ही ओळ आहे (आयआरक्यू १६ म्हणजे १६ क्रमांकाची इंटरप्टची तार, नोबडी केअर्ड म्हणजे कोणीच दखल घेतली नाही):

'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड (ट्राय बूटिंग विथ द आयआरक्यूपोल ऑप्शन)'

मग कॉल ट्रेस. मग हँडलर्सची, म्हणजे त्या तारेला उत्तर देणाऱ्या ड्रायव्हरांची यादी. मग 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६'.

या मजकुरात 'एटीए' आणि लगेच पोर्टचा आकडा असं कुठेच येत नाही. यादीत सॅटा-सिल२४ चं नाव आहे, त्यातल्या 'सॅटा'मध्ये एटीए आहेही, पण लगेच पुढे आकडा नाही, आणि मी ग्रेप करत होतो तो 'एटीए' नंतर पोर्टचा आकडा असा पॅटर्न. सकाळी मेल पाठवणारी स्क्रिप्टही तोच पॅटर्न वापरते, कारण ती मीच लिहिलीय. मागच्या बूटचे लॉग उघडले: ५ ला, ६ ला, ४ लाही. दर वेळी २ वाजून ५ ते १० मिनिटांच्या दरम्यान. पाच दिवस उत्तर समोर पडलं होतं आणि मी चाळणी लावून बसलो होतो.

९ मार्च

आज मशीनला हात लावायच्या आधी हे नेमकं काय असतं ते स्वतःसाठी नीट मांडतो.

इंटरप्ट म्हणजे 'माझ्याकडे बघ' असा कार्डाचा इशारा. जुन्या पीसीआय पद्धतीत त्याच्या चार तारा असतात, ए ते डी. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असेल तर ते तार खाली ओढून धरतं. एका तारेवर अनेक कार्डं असू शकतात. कोणीही ओढली तरी तार खाली. कोणी ओढली हे तारेवरून कळत नाही, म्हणून कर्नल त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, 'तुझं आहे का?' ज्याचं असेल तो काम उरकतो, त्याचं कार्ड तार सोडतं. चार खोल्यांना मिळून एकच घंटा असावी तसं. वाजली की चौघांनी दार उघडून बघायचं.

घंटेचं बटण दाबलेलंच राहिलं तर? तार लेव्हलवर चालते, त्यामुळे खाली आहे तोवर इंटरप्ट उभाच. कर्नल विचारतो, सगळे नाही म्हणतात, आणि लगेच पुन्हा तेच. कर्नल हे मोजतो. एकाच तारेवरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० ना कोणीच वाली नसेल तर तो 'नोबडी केअर्ड' लिहून ती तारच बंद करतो. नाहीतर प्रोसेसर फक्त दार उघडण्यातच संपेल.

तार बंद झाली की त्या तारेवरचे निर्दोषही अडकतात. त्यांच्यासाठी कर्नल एक टाइमर लावतो. बंद केलेल्या तारेवरच्या ड्रायव्हरांना तो अधूनमधून हाक मारतो: 'तुझं काही राहिलंय का?' कर्नलच्या सोर्समध्ये याचं अंतर लिहिलेलं आहे, सेकंदाचा दहावा भाग.

१०० मिलिसेकंद. वरचे तीन-चार टाइमरच्या टिकचे असावेत.

ते घड्याळ सापडलं. डिस्क वेळेत काम संपवत होती, 'झालं' म्हणून तार ओढत होती, पण तार कानाआड केलेली. पुढच्या हाकेपर्यंत ती तशीच हात वर करून उभी.

पडताळा सोपा होता. प्रॉकमधली (कर्नल स्वतःची माहिती तिथे फाइलींच्या रूपात दाखवतो) इंटरप्ट्स ही फाइल दोनदा बघितली, मध्ये एफआयओ चालवून. १६ च्या ओळीतला आकडा एकानेही वाढला नाही. डिस्क काम करतेय आणि तिच्या इंटरप्टचा आकडा गोठलेला, कारण टाइमरने मारलेली हाक त्या आकड्यात धरली जात नाही.

एसएसडी का वाचली तेही याच फाइलमध्ये दिसलं. तिच्या ओळीत पीसीआय-एमएसआय लिहिलंय. एमएसआयमध्ये तार नसतेच. कार्ड एका ठरलेल्या पत्त्यावर छोटा आकडा लिहितं, तोच इंटरप्ट. कोणाशी वाटून घ्यायची गरज नाही. सोय १९९८ च्या पीसीआय २.२ पासून आहे, पण ती वापरायची की नाही हे ड्रायव्हर ठरवतो.

९ मार्च, रात्री

हाताखालच्या नव्या मुलाला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "सर, पण मग दिवसा का होत नाही? दिवसा तुम्ही रात्रीपेक्षा जास्त लोड दिला होता ना?"

बरोबर आहे. ४ तारखेला दुपारी दोन तास मारा केला होता, काही झालं नव्हतं.

आणखी एक खटकलं. लॉगमधल्या हँडलर्सच्या यादीत तीन नावं आहेत: सॅटा-सिल२४ चा हँडलर, यूएसबीच्या ईएचसीआय कंट्रोलरचा, आणि ८२५० सीरियलचा. आत्ता इंटरप्ट्स फाइलमध्ये १६ समोर दोनच आहेत. सीरियल नाही.

रात्री कोणीतरी तिसरा येतो आणि सकाळी निघून जातो.

१० मार्च

८२५० चा ड्रायव्हर इंटरप्ट मागतो तो पोर्ट उघडल्यावर, आणि शेवटचा पोर्ट बंद झाला की सोडून देतो. कार्ड स्लॉटमध्ये बसलेलं असतं, पण कोणी पोर्ट वापरत नसेल तर इंटरप्ट्स फाइलमध्ये ते दिसतच नाही. मी ही फाइल फक्त दिवसा बघत होतो.

रात्री पोर्ट कोण उघडतं? २ वाजून ५ मिनिटांनी एक क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चारही स्विचेसची कॉन्फिगरेशन कन्सोलवरून उतरवून घेतो. जॉब दोन वर्षं जुना आहे. मग आत्ताच का?

कारण फेब्रुवारीच्या शेवटी कन्सोलचा वेग सेकंदाला ९,६०० बिटांवरून १,१५,२०० वर नेला. ते काम फार वेळ खातं म्हणून. नेला कोणी? मीच. क्रॉनटॅबच्या वरची नोंदही माझ्याच नावाची.

हिशेब करून बघितला. एका अक्षराला १० बिट, म्हणजे ९,६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. सीरियल कार्डावरच्या १६५५०ए चिपच्या १६ बाइटांच्या फिफोमध्ये (आलेली अक्षरं थांबतात ती रांग) लिनक्स ८ बाइट जमले की इंटरप्ट घेतो, म्हणजे पोर्टमागे १२०. १,१५,२०० वर तेच १,४४०. चार पोर्ट एकदम बोलायला लागले की ५,७६० च्या आसपास. तार तितक्या वेळा ओढायची आणि तितक्या वेळा सोडायची. एखादं सोडणं हुकायला आता बारा पट संधी.

१० मार्च, दुपार

प्रयोग १. मशीन रीबूट. फक्त डिस्कवर मारा, सीरियल बंद. एक तास. काही नाही.

प्रयोग २. डिस्क शांत, ॲरे अनमाउंट. फक्त चार कन्सोलवरून उतरवणं, लूपमध्ये. अकराव्या मिनिटाला 'नोबडी केअर्ड'.

डिस्क त्या वेळी काहीच करत नव्हती. तिच्यावरचा आरोप इथे संपला. काढलेली जुनी डिस्क पुसून सुट्या भागांच्या कपाटात ठेवली, वर 'चांगली आहे' अशी चिठ्ठी लावून.

प्रयोग ३. आता तार बंद पडलेल्या अवस्थेत आहे, रीबूट न करता. कर्नलची एक बारीक सोय उपयोगी पडली: बंद केलेल्या सामायिक तारेवर एखाद्या ड्रायव्हरने नव्याने इंटरप्ट मागितला, तर कर्नल तारेला आणखी एक संधी देतो आणि ती पुन्हा चालू करतो. उतरवण्याची स्क्रिप्ट थांबवली, पोर्ट बंद. मग ईएचसीआयचा ड्रायव्हर सिसएफएसमधून अनबाइंड केला आणि पुन्हा बाइंड केला, म्हणजे कंट्रोलरपासून सोडवून परत जोडला. १६ चा आकडा एका झटक्यात १ लाखाने वाढला, लगेच दुसरं 'नोबडी केअर्ड', तार परत बंद.

म्हणजे तार अजूनही ओढलेलीच आहे. सीरियल पोर्ट बंद होऊन दहा मिनिटं झाली तरी.

कोण ओढतंय? एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची माहिती देणारी आज्ञा) डबल-व्ही देऊन स्टेटसच्या ओळीत आयएनटीएक्स पुढे अधिक आहे की उणे ते बघायचं. अधिक म्हणजे ते कार्ड या क्षणी इंटरप्ट मागतंय. सॅटा कार्ड: उणे. ईएचसीआय: उणे. सीरियल कार्ड: उणे. पण सीरियलच्या उण्यावर विश्वास ठेवता येत नाही. हा स्टेटस बिट पीसीआय २.३ पासून आला, आणि हे कार्ड त्याआधीचं आहे. तिथे तो बिट नेहमी शून्यच दिसणार.

म्हणून थेट चिपलाच विचारलं. चारही पोर्टांचं इंटरप्ट ओळखणारं रजिस्टर, बेस पत्त्याच्या पुढे दोन. चारही ठिकाणी हेक्स ०१. या रजिस्टरचा शेवटचा बिट १ असेल तर अर्थ 'माझ्याकडे काही बाकी नाही'.

कोणीच ओढत नाहीये, आणि तार ओढलेली आहे.

११ मार्च

एलएसपीसीआयला झाडाच्या आकारात दाखवायला सांगितलं. तिथे उत्तर होतं. या मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये जुनी पीसीआय बस नाहीच. दोन पीसीआय स्लॉट आहेत ते एका पुलाच्या (दोन प्रकारच्या बस जोडणाऱ्या) चिपमागे, आणि तो पूल एका पीसीआय एक्सप्रेस लेनवर.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये खरी इंटरप्टची तार नसते. तारेची नक्कल निरोपांनी केली जाते. पलीकडच्या कार्डाने तार ओढली की पूल वर 'ओढली' असा निरोप पाठवतो, सोडली की 'सोडली'. दुसरा निरोप गेलाच नाही तर वरच्या जगासाठी तार कायमची ओढलेली. पलीकडे चिप बिचारी हेक्स ०१ सांगत बसलेली.

हे पटवायला एक प्रयोग बाकी होता. सीरियल कार्ड एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात घातलं. स्लॉट बदलला की ए ते डी तारांची अदलाबदल होते, त्यामुळे कार्ड आयआरक्यू १७ वर गेलं. तिथे ते एकटंच. उतरवण्याचा लूप लावला. विसाव्या मिनिटाला 'आयआरक्यू १७: नोबडी केअर्ड', हँडलर एकच, सीरियल. डिस्कचा नेहमीचा वेग तसाच.

आता सीरियलचं काय होतं ते बघण्यासारखं होतं. प्रॉकमध्ये टीटीवायच्या ड्रायव्हरच्या फाइलीत 'ओई' म्हणून आकडा असतो, ओव्हररनचा, म्हणजे वाचायच्या आत वाहून गेलेल्या अक्षरांचा. तो धावायला लागला. साहजिक आहे, १,१५,२०० वर १६ बाइटांचा फिफो १.४ मिलिसेकंदात भरतो, आणि दार उघडतं १०० ने. उतरलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये ओळीच्या ओळी गायब. मागच्या आठवड्यातल्या फाइली उघडल्या. त्याही अर्धवटच होत्या. स्विचेसचे बॅकअप आठ दिवस निकामी, आणि ते कोणाच्याच लक्षात नाही. डिस्कची बोंब नसती तर कधी कळलं असतं कोण जाणे.

या पुलाची चिप कोणाची ते लिहीत नाही. बोर्डाचं फर्मवेअर अद्ययावत करून बघितलं, फरक नाही.

१२ मार्च

तात्पुरता उपाय: कन्सोल परत ९,६०० वर. कार्ड १७ वरच ठेवलं. रात्रीचा बॅकअप २:५१ ला संपला.

सुचलेले आणि नाकारलेले उपाय, पुढच्या माणसासाठी:

आयआरक्यूपोल. कर्नल स्वतःच सुचवतो. वाली नसलेला इंटरप्ट आला की सगळ्याच तारांवरचे हँडलर तपासतो आणि शिवाय टाइमरच्या प्रत्येक इंटरप्टलाही तपासतो. फर्मवेअर पार बिघडलेल्या मशीनला कसंबसं चालू ठेवायला ठीक. इथे गुन्हेगार माहीत आहे, मग गावभर झडती कशाला?

नो-एपिक. हा सल्ला कुठेही मिळतो. एरवी आयओ-एपिककडे (इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोचवणारी चिप) साधारण २४ इनपुट असतात. तो बंद केला की सगळं जुन्या ८२५९ चिपच्या १५ तारांवर कोंबलं जातं. वाटून घेण्याचा त्रास असताना आणखी वाटून घ्यायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

१३ मार्च

सीरियल १७ वर गेल्याने डिस्क वाचली, पण ती अजून १६ च्या सामायिक तारेवरच आहे. उद्या कोणी त्या पहिल्या स्लॉटमध्ये काहीतरी घातलं की परत तेच. तिला तारेवरूनच उतरवायचं.

सॅटा-सिल२४ ला एमएसआय येतं, पण ड्रायव्हरमध्ये ते मुळात बंद ठेवलंय. मॉड्यूलला 'एमएसआय बरोबर १' असा पर्याय द्यावा लागतो. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ओळ टाकली, रीबूट केलं. इंटरप्ट्स फाइल: आयओ-एपिक, १६, फास्ट-ईओआय. जसंच्या तसं.

अर्धा तास शब्दलेखन तपासत बसलो. चूक तिथे नव्हती. मॉड्यूल इनिट-रॅम-एफएसमधूनच (बूट होताना आधी उघडणारी छोटी फाइलसिस्टिम) लोड होतं आणि त्यात सेटिंगची जुनी प्रत बसलेली. अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं, पुन्हा रीबूट. आता डिस्क कार्डासमोर पीसीआय-एमएसआय आणि एज. एलएसपीसीआयमध्येही एमएसआय एनेबल पुढे अधिक.

मग मुद्दाम सीरियल कार्ड परत पहिल्या स्लॉटमध्ये घातलं, १६ वर, वेग १,१५,२००. लूप लावला, त्याच वेळी डिस्कवर मारा. चोवीस मिनिटांनी 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड'. डिस्कला पत्ताच नाही. ईएचसीआयला लावलेला कीबोर्ड मात्र एकेक अक्षर विचार करून देत होता.

मुलाने विचारलं, "सर, हे मुद्दाम बिघडवायची काय गरज होती?" म्हटलं, चार तारखेला मी फक्त 'चालतंय' एवढं बघून वही बंद केली होती. या वेळी बिघाड समोर घडताना डिस्क टिकली हे बघायचं होतं.

१८ मार्च

चार पोर्टांचं नवं सीरियल कार्ड आलं, पीसीआय एक्सप्रेसचं. बसवल्याबरोबर आधी एलएसपीसीआयचं झाड बघितलं. पीसीआय एक्सप्रेस म्हणून मिळणाऱ्या काही कार्डांवर जुनी पीसीआय चिप आणि तिच्यापुढे एक पूलच असतो. तसं असतं तर आपण पैसे देऊन तीच भानगड परत घरात आणली असती. याच्यावर पूल नाही. पोर्ट उघडले तर ओळीत पीसीआय-एमएसआय दिसतंय.

जुनं कार्ड काढलं. पुलामागचे दोन्ही स्लॉट रिकामे. त्यांवर चिकटपट्टी लावून 'वापरू नये, ११ मार्चची नोंद बघा' असं लिहिलं.

कन्सोल १,१५,२०० वर. तीन तास लूप. 'ओई' शून्य.

१९ मार्च

सकाळच्या मेलची स्क्रिप्ट बदलली. आता ग्रेपने निवडून पाठवत नाही, वॉर्निंग आणि त्यावरच्या पातळीच्या कर्नलच्या सगळ्या ओळी पाठवते, ओळखीचा गोंगाट वगळून. पहिल्याच दिवशी ४० ओळींचं मेल आलं. त्यातल्या ३७ फालतू. वगळायची यादी हळूहळू वाढवेन, पण सुरुवात सगळं दाखवण्यापासून.

शिवाय प्रॉकमध्ये प्रत्येक आयआरक्यूच्या फोल्डरात 'स्प्युरियस' नावाची फाइल असते. किती इंटरप्ट मोजले, त्यातले किती बेवारस, शेवटचा बेवारस कधी. दर तासाला ती सगळ्या तारांसाठी टिपून ठेवतोय. तार बंद पडण्याआधी त्यात काही चाहूल लागते का बघायचंय.

स्विचेसची कॉन्फिगरेशन नव्याने उतरवून आधीच्या शेवटच्या पूर्ण प्रतीशी ताडून बघितली. जुळली.

२ एप्रिल

दोन आठवडे. बॅकअप रोज २:४५ ते २:५५ च्या दरम्यान संपतोय. सीआरसी ४१ वाली डिस्क दुसऱ्या एका मशीनमध्ये लावली आहे, तिथेही आकडा ४१ वरच. स्प्युरियसमध्ये १६ समोर बेवारस ०, १७ ची फाइल आता नाहीच.